परक्या संस्कृतीत हातांच्या खुणा कशा वापराव्यात आणि कशा वाचाव्यात: क्रमवार मार्गदर्शन

परदेशी जाण्यापूर्वी किंवा परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम सुरू करण्यापूर्वी पुष्कळ जण ‘अमुक देशात अमुक खूण करू नये’ अशी यादी वाचतात, त्यातल्या पाचसात खुणा लक्षात ठेवतात आणि तयारी पूर्ण झाली असे मानतात. चुका मात्र त्या यादीबाहेर होतात. कोणाला जवळ बोलावताना, दुकानात नग दाखवताना, वस्तू देताना, रस्ता विचारताना किंवा फोटोसाठी उभे राहताना हात सवयीने उठतो आणि समोरच्याचा चेहरा बदलतो. यादीत खुणेचा आकार तेवढा दिलेला असतो. तळहात कुणीकडे होता, हात हलत होता की स्थिर होता, खूण कोणी कोणाला केली, हे त्यात नसते आणि अर्थ बहुतेक वेळा याच गोष्टींवर ठरतो.

दुसरी चूक क्रमाची आहे. माणसे आधी इतरांच्या खुणा शिकायला जातात आणि स्वतःचे हात दिवसभर काय करत असतात, याकडे पाहतच नाहीत. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले चार टप्पे निघण्यापूर्वीचे आहेत. ते वगळून थेट पाचव्या टप्प्यावर गेल्यास निरीक्षण नेमके कशाचे करायचे हेच कळत नाही.

## टप्पा १: स्वतःच्या हातांची नोंद घ्या

एखाद्या परिचिताशी दहा-पंधरा मिनिटे बोलताना स्वतःचे चित्रण करून घ्यावे. विषय असा निवडावा की ज्यात हात हलतीलच: एखाद्या ठिकाणी कसे पोहोचायचे ते समजावणे, एखाद्या वस्तूचा आकार सांगणे, न पटलेल्या गोष्टीवर वाद घालणे. नंतर आवाज पूर्ण बंद करून ते चित्रण पाहावे आणि ‘ये’, ‘जा’, ‘थांब’, ‘नाही’, ‘छान’, ‘किती’, ‘तिकडे’, ‘तो माणूस’, ‘काय झाले’ यांपैकी प्रत्येकासाठी आपला हात काय करतो, ते लिहून काढावे. कोणता हात वापरला, हेही लिहावे.

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे चित्रण न करता आठवून यादी करणे. बोलताना होणाऱ्या बहुतेक हालचाली बोलणाऱ्याच्या ध्यानात नसतात. समोर कोणी दिसत नसतानासुद्धा, फोनवर बोलताना, माणूस हातवारे करतच असतो. आठवणीतून केलेल्या यादीत अंगठा आणि नमस्कार एवढेच उरते, आणि अडचणीत आणणारे नेमके बाकीचे असते.

तपासणी: आवाज बंद असलेले तेच चित्रण दुसऱ्या कोणाला दाखवावे आणि तुम्ही काय सांगत होता असे त्याला वाटते, ते विचारावे. जिथे त्याचा अंदाज चुकतो, ती खूण आपल्याच माणसांतही पुरेशी स्पष्ट नाही, हे समजावे आणि तिच्यापुढे चिन्ह करून ठेवावे.

## टप्पा २: सापडलेल्या खुणा तीन गटांत विभागा

पहिला गट ठरीव अर्थाच्या खुणांचा. शब्द न उच्चारताही त्या पूर्ण वाक्याचे काम करतात: उभा अंगठा, अंगठा व तर्जनी जुळवून केलेले कडे, दोन बोटांचा व्ही, शिंगे, एकमेकांवर चढवलेली बोटे. सर्वाधिक अपमान याच गटातून होतात. एकमेकांवर चढवलेली तर्जनी व मधले बोट ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत शुभेच्छा सांगतात. व्हिएतनाममध्ये तीच खूण अश्लील आहे.

दुसरा गट कामाच्या हालचालींचा: बोलावणे, बोट दाखवणे, देणे-घेणे, मोजणे, अभिवादन करणे. या खुणा याद्यांमध्ये क्वचित येतात, पण दिवसातून कितीतरी वेळा कराव्या लागतात. माझ्या मते तयारीचा सर्वांत जास्त वेळ या गटाला द्यायला हवा, कारण अश्लील खूण माणूस आयुष्यात एखाद्या वेळी चुकून करील. चुकीच्या हाताने पैसे मात्र तो दररोज देत राहील, आणि कोणी त्याला काही सांगणारही नाही.

तिसरा गट बोलण्याच्या ओघात होणाऱ्या, स्वतंत्र अर्थ नसलेल्या हालचालींचा. यांना हात लावू नये. धास्तावलेली माणसे सगळेच हातवारे दाबतात, हात मांडीवर घट्ट धरून बसतात आणि परिणामी तुटक किंवा नाराज वाटतात. हालचालीचा घेर थोडा कमी करणे, एवढा बदल येथे पुरेसा असतो.

सावधान: बधिर व्यक्तींच्या सांकेतिक भाषा या तीन गटांपैकी कशातही बसत नाहीत. त्या स्वतंत्र व्याकरण असलेल्या पूर्ण भाषा आहेत आणि देशोदेशी वेगळ्या आहेत. ब्रिटिश सांकेतिक भाषेची मुळाक्षरे दोन हातांनी करतात, तर अमेरिकन सांकेतिक भाषेची एका हाताने. बोलीभाषा एक असल्यामुळे सांकेतिक भाषाही एकच असेल, असे गृहीत धरू नये आणि बधिर व्यक्तीसमोर मनाने खुणा रचून ‘सांकेतिक भाषा’ बोलल्याचा आव आणू नये. लिहून दाखवावे किंवा दुभाषी मागवावा.

## टप्पा ३: आकारापलीकडे पाहायला शिका

पहिल्या दोन गटांतील प्रत्येक खुणेसमोर चार गोष्टी लिहाव्यात: तळहाताची दिशा, हालचाल, हात शरीराच्या कोणत्या भागासमोर आहे आणि तो उजवा आहे की डावा. बहुतेक वाचक ज्या ठिकाणी अडकतात ते हेच ठिकाण असल्यामुळे प्रत्येक बाब उदाहरणाने पाहू.

*तळहाताची दिशा.* तर्जनी व मधले बोट फाकवून तळहात समोरच्याकडे केला, तर विजय किंवा शांती. तोच हात मनगटात फिरवून मळहात, म्हणजे हाताची पाठ, समोरच्याकडे केली की ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ती शिवी होते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) १९९२ च्या जानेवारीत कॅनबेरात असताना त्यांनी मोटारीतून निदर्शकांना नेमकी अशी उलटी खूण केली आणि त्याची बातमी जगभर झाली. ग्रीसमध्ये पाचही बोटे फाकवून तळहात समोरच्याच्या तोंडापुढे ढकलणे हा जुना आणि अजूनही चालणारा अपमान आहे. ‘थांबा’, ‘नको’ किंवा ‘पाच’ दाखवताना आपण नकळत हेच करतो. तिथे पाच दाखवायचे असल्यास तळहात स्वतःकडे ठेवावा, आणि ‘नको’ म्हणायचे असल्यास हात खाली ठेवून शब्दांनी म्हणावे.

*हालचाल.* पाचही बोटांची टोके एकत्र जुळवून वर करा. हा आकार घेऊन हात मनगटातून वर-खाली हलवला की इटलीत त्याचा अर्थ ‘काय हवे आहे?’ किंवा ‘काय बोलतोस हे?’ असा होतो आणि त्यात बहुधा त्रासलेपणा असतो. अरब देशांत आणि इस्रायलमध्ये त्याच आकाराचा हात संथपणे खालीवर झाला की ‘जरा धीर धरा’. तुर्कस्तानात तो ‘फारच उत्तम’ असे सांगतो. तीन ठिकाणी बोटे सारखीच जुळलेली आहेत. फरक हालचालीचा वेग, तिची लय आणि चेहरा यांत आहे. छापील चित्र पाहून खूण शिकू नये असे मी आग्रहाने सांगतो, ते यामुळेच. चलचित्र पाहावे, आणि तेही त्या भागातल्या माणसांच्या सहज संभाषणाचे, शिकवण्यासाठी मुद्दाम केलेले नव्हे.

*जागा.* तर्जनी व करंगळी ताठ करून बाकीची बोटे मिटल्यास शिंगांचा आकार होतो. इटलीत ही शिंगे जमिनीकडे रोखली तर अशुभ टाळण्याची खूण होते. एखाद्या माणसाकडे रोखली किंवा त्याच्या डोक्यामागे धरली तर त्याची पत्नी त्याला फसवते आहे असे सांगणारा अपमान होतो. टेक्सास विद्यापीठाच्या पाठीराख्यांसाठी मात्र वर उचललेली हीच शिंगे अभिमानाची खूण आहे. फोटोत मित्राच्या डोक्यामागे गमतीने बोटे धरण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

*कोणता हात.* मध्यपूर्वेत, दक्षिण आशियात आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत डाव्या हाताने देणे-घेणे आणि खाणे अशिष्ट मानतात. घानामध्ये ही मर्यादा बोट दाखवण्यालाही लागू आहे: डावीकडचा रस्ता सांगायचा असला तरी तेथील माणूस उजवा हात शरीरासमोरून नेऊन डावीकडे दाखवतो. डावखुऱ्या वाचकांनी निघण्यापूर्वी काही दिवस पैसे, कागद आणि पेला उजव्या हाताने देण्याचा सराव करावा. तेथे गेल्यावर आठवून करू, असे म्हणणाऱ्यांचा हात ऐन वेळी डावाच पुढे येतो.

तपासणी: आरशासमोर उभे राहून आपल्या यादीतील प्रत्येक खूण करावी आणि आरशात तळहात दिसतो की मळहात, ते लिहावे. जे आरशात दिसते तेच समोरच्याला दिसणार आहे.

## टप्पा ४: देशाबरोबर काळ आणि गट तपासा

‘या देशात या खुणेचा हा अर्थ’ हे वाक्य बहुधा अपुरे असते. इराणमध्ये उभा अंगठा पूर्वापार अपमानाचा आहे, पण मोबाइलवरील संदेशांमुळे तरुणांमध्ये तो चांगल्या अर्थानेही रुळला आहे. वयस्क माणसापुढे आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यापुढे त्याचे वजन सारखे नाही. हनुवटीखालून बोटांची पाठ पुढे झटकणे दक्षिण इटलीत साध्या नकाराचे आहे, उत्तर इटलीत आणि फ्रान्समध्ये ते ‘चालता हो’ किंवा ‘मला पर्वा नाही’ या बाजूला झुकते. अंगठा व तर्जनीचे कडे अमेरिकेत ‘ठीक’ सांगते, फ्रान्समध्ये ते ‘शून्य’ही असू शकते, जपानमध्ये तळहात वर करून धरल्यास ‘पैसे’, आणि ब्राझील व तुर्कस्तानात ते अश्लील समजतात. खुद्द अमेरिकेतही वर्णवर्चस्ववादी गटांनी ते उचलल्यामुळे अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने २०१९ मध्ये त्याची नोंद द्वेषचिन्हांच्या सूचीत केली, मात्र बहुतेक वेळा त्याचा अर्थ जुना, निरुपद्रवी असतो असेही तिने स्पष्ट केले.

राजकारण एखाद्या खुणेला किती लवकर पकडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण लांडग्याच्या खुणेचे आहे. मधले बोट व अनामिका अंगठ्याच्या टोकावर टेकवून तर्जनी व करंगळी कानांसारखी उभी केली की प्राण्याचे तोंड तयार होते. जर्मनीतल्या बालवाड्यांत आणि प्राथमिक शाळांत शिक्षक हीच खूण ‘तोंड बंद, कान उघडे’ या अर्थाने मुलांना गप्प करण्यासाठी वापरत आले आहेत. तुर्कस्तानात ती ‘ग्रे वुल्व्ह्ज’ या अतिउजव्या राष्ट्रवादी चळवळीची ओळख आहे आणि ऑस्ट्रियाने २०१९ पासून तिच्यावर कायद्याने बंदी घातली आहे. २०२४ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत तुर्कस्तानच्या मेरिह देमिरालने गोल केल्यावर ती खूण केली, तेव्हा त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. त्याआधी २०१८ च्या विश्वचषकात सर्बियाविरुद्ध गोल केल्यावर स्वित्झर्लंडच्या ग्रॅनिट झाका आणि जेर्दान शाचिरी या अल्बेनियन वंशाच्या खेळाडूंनी दोन्ही तळहात आडवे गुंफून अल्बेनियाच्या ध्वजावरचा दुतोंडी गरुड केला होता. फिफाने त्यांना प्रत्येकी १० हजार स्विस फ्रँक दंड केला.

दक्षिण कोरियात तर अगदी साधी हालचाल या फेऱ्यात सापडली. ‘एवढेसे’ दाखवण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जवळ आणणे ही जगभर समजणारी खूण तेथे एका स्त्रीवादी ऑनलाइन गटाशी आणि पुरुषांच्या उपहासाशी जोडली गेली आणि २०२१ मध्ये एका दुकानसाखळीच्या जाहिरातीतील तशा हातावरून मोठा गदारोळ झाला. जुन्या कोणत्याही यादीत ही खूण सापडणार नाही.

तपासणी: ज्या देशात जायचे आहे त्याचे नाव आणि ‘हाताची खूण’, ‘सलाम’, ‘दंड’, ‘अटक’ असे शब्द घेऊन गेल्या दोनतीन वर्षांतील बातम्या शोधाव्यात. तेथे अलीकडे बंड, आंदोलन किंवा निवडणूक झाली असेल तर हे विसरू नये. २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये, आणि २०२१ नंतर म्यानमारमध्ये, तीन बोटे उंचावणे हा लष्करी सत्तेचा निषेध ठरला आहे.

## टप्पा ५: पोहोचल्यावर आधी निरीक्षण करा

पहिल्या दिवशी ठरीव अर्थाच्या खुणा पूर्णपणे बाजूला ठेवाव्यात. त्यांच्याशिवाय काहीही अडत नाही. होकार, आभार आणि पसंती शब्दांनी व चेहऱ्याने सांगता येते. कामाच्या हालचालींसाठी तात्पुरते पुढील नियम ठेवावेत, जे बहुतेक ठिकाणी निभावतात:

१. दिशा दाखवताना तर्जनी न रोखता सगळी बोटे जुळवलेला उघडा हात वापरावा. माणसाकडे बोट मुळीच दाखवू नये.

२. बोलावताना एक बोट वाकवून खुणावू नये. फिलिपीन्समध्ये आणि पूर्व आशियात ती कुत्र्याला बोलावण्याची किंवा हुकमाची रीत समजतात. जवळ जाऊन बोलावे. दुरून बोलवावेच लागले तर तळहात जमिनीकडे ठेवून सगळी बोटे आत ओढावीत.

३. देणे-घेणे उजव्या हाताने करावे. जपान आणि कोरियात, विशेषतः व्हिजिटिंग कार्ड किंवा ज्येष्ठांना काही देताना, दोन्ही हात वापरावेत.

४. हस्तांदोलनासाठी समोरच्याने, विशेषतः स्त्री-पुरुषांच्या भेटीत, हात पुढे करण्याची वाट पाहावी. समोरची व्यक्ती हात छातीवर ठेवून मान लववत असेल तर आपणही तेच करावे आणि पुढे केलेला हात घाईने मागे घेताना ओशाळेपणा दाखवू नये.

मग बसथांबा, दुकानाचा गल्ला, कार्यालयाची प्रतीक्षाखोली अशा जागी उभे राहून माणसे कशी बोलावतात, कसा नकार देतात आणि आकडा कसा दाखवतात, एवढ्या तीनच गोष्टी पाहाव्यात. निरीक्षण मात्र आपल्या वयाच्या आणि आपल्या दर्जाच्या माणसांचे करावे. वेटर, लहान मुले किंवा जिवलग मित्र एकमेकांना करतात ती खूण पाहुण्याच्या हातून उद्धट ठरू शकते, आणि उत्साही पाहुण्यांची हीच सर्वांत सामान्य चूक आहे.

## टप्पा ६: आकडे बोटांवर सोडू नका

भाषा येत नसली की माणूस आपोआप बोटांनी मोजू लागतो, आणि बोटे सगळीकडे सारखीच असल्यामुळे यात चूक होईल असे त्याच्या मनातही येत नाही. जर्मनीत मोजणी अंगठ्यापासून सुरू होते: अंगठा एक, अंगठा व तर्जनी दोन, त्यात मधले बोट मिळवून तीन. चीनमध्ये एका हातावर दहापर्यंत मोजतात आणि तेथे ताठ अंगठा व तर्जनी म्हणजे आठ. तोच हात बर्लिनमध्ये दोन आणि बीजिंगमध्ये आठ सांगतो. अंगठा व करंगळी ताठ ठेवून केलेली खूण, जी इतरत्र ‘फोन कर’ म्हणून ओळखतात, ती चीनमध्ये सहा आहे. जपानमध्ये स्वतःशी मोजताना उघड्या पंजापासून सुरुवात करून अंगठ्यापासून बोटे मिटत जातात, म्हणून चार बोटे उघडी दिसली तरी मोजणाऱ्याच्या मनात एकच झालेले असते.

योग्य क्रम असा: आकडा आधी बोलावा, मग फोनच्या पडद्यावर किंवा कागदावर लिहून दाखवावा, आणि त्यानंतर हवी तर बोटे वर करावीत. किंमत, वेळ, फलाट आणि औषधाची मात्रा या चार बाबतींत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोटे वापरलीच तर न वापरलेली बोटे घट्ट मिटलेली असावीत. अंगठा सैल सुटलेला राहिला की अंगठ्यापासून मोजणारा माणूस तोही धरतो आणि दोनाचे तीन होतात.

सावधान: इजिप्तमध्ये अंगठा तळहातावर दुमडून चार बोटे उंच धरू नयेत. कैरोच्या रबिया चौकातील २०१३ च्या हत्याकांडानंतर ती मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेच्या समर्थनाची खूण झाली आहे. चार हा आकडा तेथे लिहूनच दाखवावा.

## टप्पा ७: समोरच्याची खूण वाचताना घाई करू नका

येथपर्यंत आपल्या हातांचा विचार झाला. गैरसमज उलट बाजूनेही तितकेच होतात आणि त्यांत दुखावलेले आपण असतो. तळहात खाली करून केलेले बोलावणे पुष्कळांना ‘निघून जा’ असे दिसते. बोलावलेला पाहुणा मागे वळतो आणि बोलावणारा बुचकळ्यात पडतो. जपानमध्ये चेहऱ्यासमोर पंखा हलवल्यासारखा हात हलवणे म्हणजे ‘नाही’ किंवा ‘मला जमत नाही’. ती हाकलण्याची खूण नव्हे. स्वतःच्या नाकाकडे बोट नेणारा जपानी माणूस ‘मी का?’ असे विचारत असतो. इंडोनेशियात आणि मलेशियात मूठ मिटून अंगठ्याने दिशा दाखवणे हे सभ्यपणाचे लक्षण आहे, आणि फिलिपीन्समध्ये किंवा लाओसमध्ये कोणी ओठ पुढे काढले तर तो वेडावून दाखवत नाही, दिशा दाखवतो आहे.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम काहीच प्रतिक्रिया न देता चेहरा आणि प्रसंग पाहावा. रागाची खूण सहसा रागाच्या चेहऱ्यासोबतच येते. चेहरा शांत असेल तर अर्थ दुसराच आहे असे धरून चालावे. मग शब्दांत विचारावे. प्रश्न ‘हो की नाही’ या उत्तराचा नसावा, कारण होकार-नकाराची मानसुद्धा सगळीकडे सारखी हलत नाही. बल्गेरियात डावी-उजवीकडे हलणारी मान होकाराची असते आणि वर-खाली हलणारी नकाराची. ग्रीस आणि तुर्कस्तानात मान वर उडवून भुवया उंचावल्या की नकार. ‘बस येथून सुटते का?’ असे न विचारता ‘बस कोठून सुटते?’ असे विचारले की उत्तर शब्दांत किंवा प्रत्यक्ष दिशेने मिळते.

## टप्पा ८: फोटो, व्हिडिओ कॉल आणि इमोजी वेगळे तपासा

समोरासमोर केलेली चुकीची खूण क्षणात विरते. फोटोतली राहते आणि भलत्याच माणसांपर्यंत पोहोचते. स्मारकासमोर किंवा जमावात फोटो काढताना हात खाली, एवढा नियम पुरेसा आहे. २०१७ मध्ये बर्लिनच्या संसद इमारतीसमोर नाझी सलाम करून एकमेकांचे फोटो काढणाऱ्या दोन चिनी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि प्रत्येकी ५०० युरो जामीन भरल्यावर सोडले. जर्मनीत तो सलाम गुन्हा आहे. गंमत म्हणून केला, हा बचाव चालत नाही.

व्हिडिओ कॉलमध्ये आणखी एक अडचण आहे. २०२३ पासून ॲपलच्या फोन व संगणकांत कॅमेऱ्यासमोरील हात ओळखून पडद्यावर आपोआप चित्रे उमटवण्याची सोय आली आहे: अंगठा दाखवला की अंगठ्याचा बुडबुडा, एका हाताने व्ही केला की फुगे. दुःखद किंवा गंभीर विषयावरील बैठकीपूर्वी ती सोय बंद करावी.

इमोजी ही खूणच आहे, आणि काही ठिकाणी सहीसुद्धा. कॅनडातील सास्कॅचेवान प्रांताच्या न्यायालयाने २०२३ मध्ये करारपत्राच्या फोटोला उत्तर म्हणून पाठवलेला अंगठा ही संमती मानली आणि माल न पुरवणाऱ्या शेतकऱ्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. ‘पाहिले’ म्हणायचे असेल तर ‘पाहिले’ असे लिहावे. करार, दर आणि मुदत यांच्या संदेशांना अंगठा पाठवू नये.

## टप्पा ९: चूक झालीच तर

हात लगेच खाली घ्यावा, आपल्याला काय म्हणायचे होते ते साध्या शब्दांत सांगावे, एकदा क्षमा मागावी आणि मूळ विषयावर परत यावे. येथे होणारी नेहमीची घोडचूक म्हणजे ‘हे असे करणे वाईट आहे का?’ असे म्हणत तीच खूण पुन्हा करून दाखवणे. समोरच्याच्या दृष्टीने तो दुसरा अपमान असतो. नेमके काय चुकले ते विचारायचेच असेल तर नंतर, एकांतात, तिसऱ्या ओळखीच्या माणसाला शब्दांनी विचारावे. लहान मुलांशी खेळताना ‘तुझे नाक चोरले’ म्हणून तर्जनी व मधल्या बोटामधून अंगठ्याचे टोक बाहेर काढणाऱ्यांनी हे आधीच जाणून ठेवावे: ब्राझीलमध्ये ती मूठ शुभ मानतात, रशियात ती ‘काही मिळणार नाही’ असे ठणकावते आणि तुर्कस्तानात ती सरळसरळ अश्लील आहे. तेथे मुलाच्या आईवडिलांचा चेहरा पडला तर त्यामागे हेच कारण असू शकते.

गाडी चालवताना हात चाकावर ठेवावेत. जर्मनीत दुसऱ्या चालकाकडे पाहून कपाळावर बोट आपटणे हा कायद्याने अपमान ठरून दंड होऊ शकतो, आणि संयुक्त अरब अमिरातीत मधले बोट दाखवणाऱ्या परदेशी माणसांना देशाबाहेर काढल्याची उदाहरणे आहेत. पोलिसांपर्यंत प्रकरण गेल्यास हातवारे करून खुलासा करू नये, दुभाषी मागावा.

## टप्पा १०: कामाच्या ठिकाणी ठरलेल्या खुणाच वापरा

पाणबुडे, क्रेन चालवणारे, विमानांना जागेवर आणणारे यांच्या खुणा कोणत्याही संस्कृतीच्या नसतात; त्या नियमाच्या असतात आणि त्यांत घरची खूण मिसळली की जीव धोक्यात येतो. पाण्याखाली उभा अंगठा म्हणजे ‘वर चला’. ‘ठीक आहेस का?’ या प्रश्नाला नवखा माणूस सवयीने अंगठा दाखवतो आणि त्याचा जोडीदार पाण्याबाहेर निघण्याची तयारी सुरू करतो. तेथे ‘ठीक’ची खूण कड्याचीच आहे, मग जमिनीवर तिचा अर्थ काहीही असो.

वेगवेगळ्या देशांतील माणसांची तुकडी असेल तर काम सुरू करण्यापूर्वी सर्वांनी एकत्र उभे राहून प्रत्येक खूण करून दाखवावी, आणि पाहणाऱ्याने तिचा अर्थ मोठ्याने सांगावा; ‘समजले’ एवढ्या उत्तरावर पुढे जाऊ नये. खुणा देणारा माणूस एकच असावा आणि तो कोण, हे सर्वांना ठाऊक असावे. याला अपवाद फक्त ‘थांबा’ या खुणेचा: ती कोणीही दिली, अगदी त्याच दिवशी कामावर आलेल्या माणसाने दिली, तरी यंत्र थांबलेच पाहिजे, आणि ती का दिली याची विचारणा यंत्र थांबल्यानंतर करावी.